तीनशे बारावं वाक्य

तीनशे बारावं कार्ड बाद झालं. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे आशेने बघणार नाही. कार्डावर शिक्का बसला, उजवा कोपरा कातरला गेला, आणि कोपरा कातरलेलं कार्ड आमच्याकडे पुन्हा कधी खणात जात नाही. आता असं काही झालंच नाही असं धरून चालू. मंगळवार आहे, सकाळचे सव्वाअकरा, कार्ड अजून चौकोनी आहे, आणि मी कोशकार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ‘कीप’ या इंग्रजी क्रियापदाच्या सव्विसाव्या अर्थाची शाई वाळायची वाट बघतोय. आमच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर थांबते, तिसऱ्यावर थांबत नाही, म्हणून आम्ही चौथ्यावर जाऊन एक मजला उतरतो. शिपाई तसाच उतरून आला आणि त्याने माझ्यासमोर लखोटा टाकला. आत चार ओळी होत्या. शब्द कीप, अर्थ अकरावा, कार्ड तीनशे बारा, वक्ता संग्राहकाचे वडील; सोडतीत पडताळणीसाठी निवड झाली आहे; पडताळणी अधिकारी गुरुवारी सकाळी दहा वाजता वक्त्याच्या राहत्या घरी येतील; वक्त्यास घरी ठेवावे. ‘घरी ठेवावे’ म्हणजे अर्थ सहावा, सकर्मक, असं माझ्या डोक्याने सवयीने नोंदवलं. मग जिभेवर टाचणी चोखल्यासारखी चव आली आणि ती गुरुवारपर्यंत गेली नाही.

हे लखोटे कार्यालयात नेहमी येतात, पाचशे कार्डांमागे एक या हिशेबाने; बाबांच्या नावाचा हा पहिलाच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, कारण आमचा सगळा कोशच मुळी नवव्या नियमावर उभा आहे, आणि नववा नियम असा की वाक्य रचू नये, ऐकावं. आमच्या आधी एक कोश झाला होता. त्यातली उदाहरणं विद्वान मंडळींनी खोलीत बसून तयार केली होती, आणि त्यामुळे त्या कोशातली माणसं ‘माळ्याने झाडांस पाणी घातले’ यापलीकडे आयुष्यात काही बोललीच नाहीत. म्हणून आमच्याकडे इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक अर्थासमोरचं मराठी वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं असावं लागतं. कार्डावर रकाने आहेत: वाक्य, वक्ता, ऐकणारा, स्थळ, तारीख, आणि शेवटी वक्त्याची सही. पडताळणीला माणूस वक्त्याकडे जातो, वाक्य वाचून दाखवतो आणि विचारतो, हे आपण बोललात का? हो म्हटलं तर सही. नाही म्हटलं तर ते कार्ड बनावट, आणि एक कार्ड बनावट निघालं की त्या वक्त्याची त्या संग्राहकाने आणलेली सगळी कार्डं लगद्याला जातात. वक्ता मेलेला असेल तर पडताळणी होत नाही. मेलेल्या माणसाइतकी सुरक्षित भाषा कुणाचीच नाही. शेजारच्या टेबलावरच्या सेटवाल्यांना मी लखोटा दाखवला तेव्हा त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि विचारलं, “वडिलांची तब्येत कशी आहे? म्हणजे कार्डाच्या दृष्टीने विचारतोय.” ते एकोणीस वर्षं ‘सेट’ या शब्दावर आहेत. त्यांचं लग्न झालं तेव्हा ते सकर्मक क्रियापदात होते, मुलगी झाली तेव्हा अकर्मकात, आणि आता मुलीचं लग्न ठरतंय तर नामाच्या उंबऱ्याशी पोचलेत. विशेषण नातवंडं बघतील, असं म्हणतात. मी म्हटलं, तब्येत आहे तशीच आहे. “मग काळजी कसली? बोलता येत नसलं तरी मान हलवतीलच की. तीनशे वाक्यं दिलीयत माणसाने.” मी हसलो. तीनशे अकरा दिलीयत, बारावं दिलेलं नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

हा शब्द माझ्याकडे आला तोही बाबांमुळेच. मुलाखतीत मुख्य संपादकांनी माझ्या पदव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, रेल्वे स्टेशनवर क्लोकरूममध्ये आहेत. “म्हणजे लोकांचं सामान ठेवून घेतात.” हो. “मग कीप तुमचा.” मला वाटलं थट्टा करतायत, पण संपादक थट्टा करत नाहीत, सेटवाल्यांचे वडील विटा बसवणारे गवंडी होते हे मला नंतर कळलं. शब्द दिसायला साधा, चार अक्षरांचा. पण उचलला की दगडाखालून मुंग्या निघाव्यात तसे खालून आपले शब्द निघायला लागतात. इंग्रज माणूस या एकाच क्रियापदाने कुत्रा सांभाळतो, वचन पाळतो, गुपित राखतो, प्रकृती जपतो, दार उघडं ठेवतो आणि पाहुण्याला ताटकळत ठेवतो. त्याचं दूधसुद्धा याच क्रियापदाने टिकतं. दुसऱ्या क्रियापदाच्या गळ्यात पडला की करत राहणं, चालत राहणं, सांगत राहणं. नाम झाला की माणसाच्या पोटापुरतं, नाहीतर जुन्या किल्ल्यातला सगळ्यात आतला बुरूज, जिथे सगळं पडल्यावर माणसं शेवटी जाऊन बसायची. या शेवटच्या अर्थासाठी कुणाच्या तरी तोंडून ‘बालेकिल्ला’ ऐकायला मी सात महिने थांबलो. घरात कुणी बालेकिल्ला म्हणत नाही. शेवटी निवडणूक लागली आणि एक उमेदवार रिक्षावरच्या भोंग्यातून म्हणाला, हा विभाग आमचा बालेकिल्ला आहे. संपादकांनी दोन दिवस विचार केला की उमेदवाराचं वाक्य बोललेलं धरायचं की नाही.

बाकी जवळजवळ सगळे अर्थ बाबांनी पुरवले. त्यांना माहीत नव्हतं. मी खिशात कोरी कार्डं घेऊन त्यांच्या मागे मागे असायचो, रविवारी क्लोकरूममध्ये, रोज जेवताना, दाढी करताना. ते मुळात कमी बोलायचे आणि बोलले की सूचनाफलक वाचल्यासारखे बोलायचे. ‘कुलूप नसेल तर ठेवणार नाही.’ ‘दूध उद्यापर्यंत राहील का, ते आत्ताच सांग.’ ‘पाळायचा नसेल तर शब्द देऊ नये, सामान द्यावं.’ ‘तोंड मिटून ठेव, माशी जाईल.’ एक छत्री नऊ वर्षं कुणी न्यायला आलं नव्हतं, ती ते दर काही महिन्यांनी उघडायचे, काड्यांना तेल लावायचे, मिटून परत फळीवर. मी विचारलं, मालक येणारच नाही, मग कशाला? ते म्हणाले, ‘येईल तेव्हा नीट असली पाहिजे. ठेवणं म्हणजे टाकून देणं नाही.’ मी पलीकडे जाऊन पोत्याआड ते लिहून घेतलं, अर्थ चौथा. एकदा त्यांनी मला लिहिताना पकडलं. पुढे येऊन कार्ड हातातून घेतलं, चष्मा वर करून वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, आणि म्हणाले, ‘माझं बोलणं जमा करून घेतोयस? पावती दे मग.’ मला वाटलं विनोद. पण त्यांचा हात काउंटरवर होता तसाच पुढे राहिला, पालथ्याचा उताणा. पावती नव्हती माझ्याकडे. मी हसून वेळ मारून नेली. तेही वाक्य मी लिहिलं, दोनशे चाळिसावं कार्ड, आणि त्यानंतर ते कमी बोलायला लागले की मलाच तसं वाटायला लागलं, हे आता ठरवता येत नाही. आदल्या वर्षी शंभर कार्डं झाली होती, त्या वर्षी साठ, पुढच्या वर्षी अकरा. मग एका सकाळी दाढीचा ब्रश हातातून पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मी ब्रश उचलला. खरं तर आधी त्यांना धरायला हवं होतं, पण मी थांबलो होतो. वाक्य पूर्ण होईल म्हणून थांबलो होतो. डॉक्टर नंतर म्हणाले की उजवी बाजू आणि वाचा गेली, समजतंय किती ते सांगता येणार नाही, समजतंय असं समजून वागा. या गोष्टीला सतरा महिने झाले.

तीनशे बारावं कार्ड मी चौदा महिन्यांपूर्वी लिहिलं. अकरावा अर्थ रिकामा होता. तो असा: देता येण्यासारखी गोष्ट, कुणी मागत असताना, न देता आपल्याजवळच राखणे. इतकी सामान घेणारी माणसं जन्मभर पाहिलेला माणूस, पण त्याच्या तोंडून हा अर्थ मला एकदाही मिळाला नव्हता, आणि मिळणार कसा? त्यांच्या धंद्यात मागितलं की द्यावंच लागतं. मी दुपारी टेबलाशी बसून कोरं कार्ड समोर घेतलं. समोरच्या छतावर एक माणूस पाण्याच्या टाकीच्या आत उतरून ती घासत होता आणि नुसता त्याचा ब्रशचा हात मधून मधून वर यायचा. मी लिहिलं: ‘नाही, हा मी ठेवून घेतो.’ वक्ता, बाबा. ऐकणारा, मी. स्थळ, क्लोकरूम. तारखेच्या रकान्यात मी त्या दिवशीची तारीख टाकली, चौदा महिन्यांपूर्वीची, सोमवार. ही चूक फक्त आमच्या कार्यालयातला माणूसच करू शकेल. अख्खं वाक्य बनावट लिहिलं, पण तारीख खोटी लिहायला हात धजला नाही. बाबांची वाचा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. त्या सोमवारी त्यांच्या घशातून निघालेला एकमेव आवाज हा औषधाचा होता.

पण वाक्य मी हवेतून काढलं नव्हतं, एवढं मला म्हणू द्या. ते मी पाहिलं होतं. मी आठ वर्षांचा होतो, आई जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि शाळा सुटली की मी स्टेशनवर येऊन क्लोकरूममध्ये तिसऱ्या फळीवर बसायचो, दोन ट्रंकांच्या मध्ये. तिथे चामडं, गंज आणि कुणाच्या तरी कपड्यांतल्या डांबरगोळ्या यांचा मिळून एक वास होता. आजही कुठे ट्रंक उघडली की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. त्या दिवशी वरच्या साहेबांची तपासणी होती. आत बिनचिठ्ठीचं काही सापडता कामा नये, म्हणून बाबांनी एक पिवळी जाड चिठ्ठी घेतली, तारखेचा शिक्का मारला, खाली त्यांची ती आकड्यासारखी वळलेली सही केली, आणि तारेने माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधली. नग एक. चिठ्ठीला मधोमध फाडण्यासाठी टोचे असतात. एक तुकडा सामानाला, दुसरा मालकाला. मी दुसऱ्या तुकड्याचं काय झालं ते बघितलं नाही. तपासणी झाली की नाही आठवत नाही. मामा आला ते आठवतं. तो तीनच्या सुमाराला आला, हातात छोटी बॅग, आणि काउंटरच्या पलीकडे उभा राहून बाबांशी बोलायला लागला. मामाला मूल नव्हतं. मामा चांगला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तो म्हणाला, “भावजी, तुमची ड्युटी अशी, घरात बाईमाणूस नाही. पोराचं करणार कोण? मी नेतो त्याला. आमच्याकडे सगळं आहे. तुम्ही येऊन बघत जा.” बाबा काउंटरवरचं कापड झटकत होते. मामा म्हणाला, “तीन वीसची गाडी आहे. विचार करायला वेळ हवा तर उद्याच्या गाडीने जाऊ.” आणि त्याने खिशातून काहीतरी पिवळसर बाहेर काढलं. मला वाटलं, पावती. पावती त्याच्याकडे असेल तर मला नियमाने जावंच लागणार. आठ वर्षांच्या मुलाला नियम फार चांगले कळतात, मोठेपणी विसरतो आपण. तो रुमाल होता, त्याने कपाळ पुसलं. बाबा वर बघून काहीतरी बोलले. एकच वाक्य, लहानसं. त्याच क्षणी डोक्यावरचा भोंगा सुरू झाला, गाडी येत आहे, प्रवाशांनी कडेला उभं राहू नये, दोन भाषांतून, आणि मला फक्त ओठ दिसले. मामाने मान डोलावली, की झुकवली. बॅग उचलली. माझ्याकडे बघून हात केला आणि गेला. भोंगा थांबला तेव्हा बाबा परत कापड झटकत होते, आणि त्यांचा एक हात छातीवरच्या खिशावर होता.

ते काय बोलले, मी विचारलं नाही. पुढे दरवर्षी मामाने एक दप्तर पाठवलं आणि तोही कधी बोलला नाही. सहा वर्षांपूर्वी गेला. बाबांनी मला वाढवलं, डबा दिला, तापात जागले, सगळं केलं, पण सामानही ते असंच नीट ठेवायचे. छत्रीला नऊ वर्षं तेल लावणारा माणूस. मला न्यायला कुणी आलं नाही म्हणून मी राहिलो, की मागितलं असताना मला दिलं नाही? या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत मुलगा सकाळी शाळेला जातो आणि संध्याकाळी परत येतो. कदाचित ते एवढंच म्हणाले असतील की परीक्षा होऊ दे. कदाचित, वर्षभराने बघू. कदाचित गाडी दहा मिनिटं उशिरा आहे. मी या शब्दाचे सव्वीस अर्थ लावले आणि प्रत्येक अर्थ लावताना ते ओठ त्यावर घालून बघितले, जसं जोडा पायात घालून बघतात. अकरावा बसला. बसला म्हणजे मला बसवायचा होता. एवढ्यासाठी मी तीनशे अकरा खरी वाक्यं पणाला लावली होती आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता एक अनोळखी बाई ती खेळी बघायला येणार होती.

बुधवारी मी ठरवलं की बाबांना सगळं सांगायचं. त्यांना भरवताना म्हटलं, बाबा, उद्या ऑफिसातल्या बाई येतील, एक वाक्य वाचतील, तुम्ही नुसती मान हलवा. चमचा तोंडापाशी नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. माशी नव्हती. बाबांच्या आजारपणापासून आमच्याकडे राहणारी आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, तुझ्या ऑफिसची कामं त्याला कशाला सांगतोस, आधीच जेवण जात नाही त्याला.” खोटं बोलायला शिकवायचं तर निदान बोलता येणाऱ्या माणसाला शिकवावं.

पडताळणीबाई दहाला पाच कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आत्याने दार उघडलं. “या, या. हा म्हणाला बाई येणारेत, मला वाटलं स्थळबिळ घेऊन येताय की काय. तिशी उलटली तरी हा बसलाय शब्द मोजत.” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “वक्ते कुठे आहेत?”

“कोण?”

“वक्ते. ज्यांचं वाक्य आहे ते.”

आत्या माझ्याकडे बघायला लागली, मग बाईंकडे. “वक्ते! अहो, दादाला दीड वर्षात एक शब्द फुटलेला नाही, आणि तुम्ही वक्ते काय म्हणताय!”

बाईंनी पिशवीतून कार्ड काढलं आणि दूर धरून तारीख वाचली. “दीड वर्ष म्हणजे नेमके किती महिने?” “सतरा झाले परवा,” आत्या म्हणाली, तिला असल्या तारखा पाठ असतात. बाईंचे ओठ हलले. बोटांची पेरं मोजली, एकदा मागे, एकदा पुढे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या एखाद्या चुकलेल्या बेरजेकडे बघावं तशा बघत होत्या. मी म्हणालो, “बाई, ते वाक्य मी...” त्यांनी हात वर केला. “संग्राहकाने पडताळणीच्या वेळी बोलायचं नसतं. वक्ता जिवंत आहे ना? मग विचारावं लागेल.”

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि पाठ केल्यासारख्या, पण सावकाश म्हणाल्या, “काका, मी कोशकार्यालयातून आले. आपल्या नावावर एक वाक्य आहे. ते वाचते. नाही, हा मी ठेवून घेतो. हे आपण बोललात का?” बाबा बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. मग डावा हात उठला आणि उताणा पुढे आला. “काय पाहिजे रे तुला, दादा? पाणी?” आत्याने विचारलं. मला माहीत होतं काय पाहिजे. चाळीस वर्षं तो हात काउंटरवर असाच पुढे यायचा; आधी कागद दाखवा. मी बोलायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही. पण बाईंना कळलं. त्यांनी कार्ड त्या हातात ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. समजतंय असं समजून वागा. उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही नसतं. परत पुढची बाजू, वरपासून खालपर्यंत, शिक्का आहे का, खाडाखोड आहे का, आणि डोळे तारखेवर येऊन थांबले. पुष्कळ वेळ थांबले. माझा हात आपोआप शर्टाच्या दुसऱ्या बटणावर गेला. मग त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं, बाईंची पेन्सिल ओढली, पेन्सिलबरोबर दोरा आणि दोऱ्याबरोबर वही आली. आत्या म्हणाली, “अरे, अरे, बाईंची वही!” बाई हळूच म्हणाल्या, “असू दे.” बाबांनी डाव्या हाताने, लहान मुलाच्या रेघेने, माझी तारीख खोडली. एकच आडवी रेघ, सामान चुकीच्या फळीवर गेलं की नोंद खोडायचे तशी. आणि वर लिहायला लागले. आधी दिवस. मग काडी. मग महिना. घाम आला त्यांना, ओठाच्या ओढल्या गेलेल्या कोपऱ्यातून लाळ आली, आत्या पुसायला पुढे झाली तर मान झटकली. मग वर्ष. पिवळी चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे, पेटीत, शिक्क्यासकट. ती काढून ताडून बघायची गरज नव्हती. त्या आकड्यांवरून मी आयुष्यात इतक्यांदा बोट फिरवलंय की अंधारातही वाचता आले असते. पण त्यांच्याकडे कुठली चिठ्ठी होती?

बाईंनी वाकून वाचलं. “ही तर बावीस वर्षांपूर्वीची तारीख आहे.” बाबांनी सहीच्या रकान्यात आपल्या सहीचा तो आकडा वळवला. डाव्या हाताने तो उलटा वळला. “वाक्य मान्य आहे म्हणता?” त्यांनी कार्ड परत केलं आणि हात पुन्हा पुढे केला, उताणा. बाई गोंधळल्या. मी नियम मोडून म्हणालो, “पावती.” बाईंनी पिशवी चाचपली, पावती आमच्याकडे नसतेच, फक्त छापील चिठोरी असतात, भाषेच्या सेवेबद्दल आभारी आहोत अशी. त्यातलं एक दिलं. बाबांनी ते वाचलंसुद्धा नाही. चार बोटांत घडी घालून शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून तळवा ठेवला. डोळे मिटले.

जिन्यात बाई थांबल्या. “तुमची तीनशे अकरा राहतील. वक्त्याने नाकारलं नाही, तेव्हा बनावट म्हणता येत नाही मला. पण हे बाद. कोश मंजूर झाला त्याच्या दोन वर्षं आधीची तारीख आहे. कार्यालयच नव्हतं तेव्हा, वाक्य जमा कुठे होणार?” मी मान हलवली. “आणि ऐकणारा म्हणून तुमचं नाव आहे. तुम्ही ऐकलं होतं?”

“नाही. भोंगा वाजत होता.”

“मग लिहिलं कसं?”

“ओठ बघितले होते.”

बाईंनी कार्डाकडे बघितलं. आडवं धरून, उभं धरून. “ओठांना रकाना नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कुणातरी माणसाचा वाटला. मग एक पायरी उतरून परत वळल्या. “आकडा तीन आहे की आठ, तेही नक्की सांगता येत नाही. डावा हात, आजारी माणूस. तुम्हाला हवं ते तुम्ही वाचताय, असंही असेल.” मी म्हटलं, असेल. वर आल्यावर आत्या विचारत होती की दादाने कसली तारीख लिहिली, तिच्या आठवणीत त्या दिवशी काहीच घडलेलं नाही, ना बारसं ना मयत. बाबा खिशावर हात ठेवून झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते. मी खुर्चीपाशी खाली बसलो, डोकं त्यांच्या उजव्या, मेलेल्या हाताला लागेल असा. तो हात काही करू शकत नाही. त्याने काही केलंही नाही. पण त्याने मला उठवलंही नाही, आणि मी ऑफिसला दुपारी गेलो.

कोपरा शुक्रवारी कातरला. सेटवाल्यांनी तो त्रिकोणी तुकडा उचलून माझ्या हातात ठेवला आणि आपल्या नामाकडे वळले. तो तुकडा आता पिवळ्या चिठ्ठीबरोबर पेटीत आहे. अकरावा अर्थ पुन्हा रिकामा झाला आहे. मी खालील अर्ज दोन प्रतींत लिहून चौथ्या मजल्यावर, आवक विभागात, दिला.

“मा. मुख्य संपादक यांस. विषय: कार्ड क्रमांक ३१२ पुनःस्थापित करण्याबाबत. महोदय, उपरोक्त वाक्य उच्चारले गेले त्या दिवशी कोशकार्यालय अस्तित्वात नव्हते, ही त्रुटी वक्त्याची नसून कार्यालयाची आहे. सबब विनंती की, कार्यालयाची स्थापना वक्त्याने स्वहस्ते नमूद केलेल्या दिवशी दुपारी तीनपासून झाली असे मानण्यात यावे. तीन वीसच्या गाडीची घोषणा संबंधित विभागास कळवून पूर्वलक्षी प्रभावाने एक मिनिट उशिरा करण्यात यावी. आणि त्या एका मिनिटात जे ऐकू येईल ते कार्डावरील वाक्याशी ताडून, ऐकणारा या रकान्यात, दिवंगत मामांच्या नावाखाली, तिसऱ्या फळीवरील नग एक याची नोंद घेण्यात यावी.”